झहूर मुकादमांच्या ताब्यातलं इंजिन

"इंजिन माझं नाय, पण माझ्याशिवाय ते कुठं जाणार पण नाय," झहूर मुकादम अक्षताला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. म्हणताना त्यांनी मान वर केली नव्हती. रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने ते बोटं पुसत होते, एकेक बोट वेगळं, जणू तीही कुणाची तरी दुरुस्तीला आलेली होती.

अक्षता खिल्लारे त्यांच्याकडे नोटीस घेऊन गेली होती. वकिलीची सनद मिळून तिला फार काळ झाला नव्हता. बेलापूरला ॲडव्होकेट स्वानंद कारखानीसांच्या ऑफिसात ती ज्युनिअर होती, आणि ज्युनिअरला जी कामं मिळतात ती तिला मिळत होती. पावण्यातल्या कारखान्यांच्या गल्ल्या, बंद शटरं, कुत्री, वॉचमन, आणि हातात लिफाफा. वडील हिंगोलीकडून सिडकोच्या बांधकामावर आले आणि खांदेश्वरला घर करून इथलेच झाले. मुलगी वकील झाली याचा त्यांना अभिमान होता. ती दिवसभर नोटिसा वाटत हिंडते हे तिने त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

त्या इंजिनाची हकीकत साधी होती. दिवाळे गावच्या केशरबाई कोळी आणि त्यांचे यजमान सदू यांनी होडीसाठी नवं डिझेल इंजिन घेतलं, एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर. कंपनीने ते नजरगहाण लिहून घेतलं. म्हणजे इंजिन होडीत, होडी खाडीत, मालक आपले मासे धरतोय, आणि कंपनीची फक्त नजर त्याच्यावर. हप्ते थकले की मात्र ती नजर उठून चालत येते आणि वस्तू उचलून नेते. पुढे इंजिनात पाणी शिरलं, क्रँक, म्हणजे आतला फिरता दांडा, गेला. होडी जेट्टीला बांधून पडली आणि हप्ते थकले. इंजिन दुरुस्तीसाठी पावण्याला, झहूर मुकादमांच्या गाळ्यात आलं आणि तिथंच राहिलं. कंपनीची माणसं ते उचलायला आली तेव्हा मुकादमांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि सांगितलं, आधी माझ्या मेहनतीचं मिटवा. म्हणून कंपनीने आपल्या वकिलामार्फत, म्हणजे कारखानीसांमार्फत, ही नोटीस धाडली होती.

कायद्यात याला धारणाधिकार म्हणतात. अक्षताने तो शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. ज्याने वस्तूवर मेहनत घेतली, त्याने मेहनतीचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू आपल्यापाशी ठेवावी. विकायची नाही, वापरायची नाही, फक्त ठेवायची. आणि एकदा हातची सोडली की तो हक्कही सुटला. मग उरते ती नुसती उधारी, कोर्टात भांडायला. पुस्तकात हे सगळं एका परिच्छेदात आटोपलं होतं. इथं ते लाकडी ठोकळ्यांवर बसलेलं होतं, अंगावर धुतलेलं गोणपाट घेऊन.

"बघू का?" तिने विचारलं होतं.

"बघा. हात नका लावू."

तिने गोणपाटाचं टोक उचललं. आत हिरव्या रंगाचं, पुसून लख्ख केलेलं धूड होतं. त्याच्यात काही गुपित नव्हतं, तरी तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी झोपेत डोकावलो. एकाचं त्याच्यावर नाव, दुसऱ्याची नजर, तिसऱ्याचा हात. आणि तिघांनाही त्याचा उपयोग शून्य. वस्तू कुणाची असते म्हणजे नक्की काय असतं, हा प्रश्न तिला कॉलेजात कधी पडला नव्हता. तो त्या दिवशी गाडीवर मागे बसून तिच्याबरोबर खांदेश्वरपर्यंत आला.

त्यानंतर पावण्यात काही काम निघालं की ती मुकादमांच्या गाळ्यावर थांबू लागली. कारखानीसांना वाटायचं पोरगी कामाला वाघ आहे. प्रत्यक्षात ती चहा पीत प्रश्न विचारत असायची. मुकादम आधी तिला मॅडम म्हणायचे, मग बेटा म्हणू लागले, आणि तीही झहूरचाचा म्हणू लागली. एकदा तिने त्यांना सांगितलं की वकिलाला मात्र हा हक्क नाही. अशिलाने फी बुडवली तरी त्याची कागदपत्रं वकिलाला अडकवून ठेवता येत नाहीत, ती परत द्यावीच लागतात. झहूरचाचा इतके हसले की कपातला चहा हिंदकळला. "म्हंजे तुमच्या कारखानीस साहेबापेक्षा माझी पॉवर जास्त," ते म्हणाले, आणि त्या दिवशी बिस्किटाचा अख्खा पुडा फोडला.

ते मूळचे म्हसळ्याकडचे. घर खाडीच्या काठी, वडील होड्यांचे सुतार. झहूर मात्र लाकडाकडे वळला नाही. लाकूड मुकं, म्हणायचा. पोरवयात एका मालवाहू बार्जवर इंजिनखात्यात लागला, तिथून आखातात एका गोदीत बरीच वर्षं राहिला. परत आला तो कानाने अधू आणि हाताने पक्का होऊन. इंजिन ऐकायला कान लागत नाहीत, त्याला तळहात टेकवायचा, असं त्यांचं म्हणणं. गाळ्याचं भाडं महाग, गिऱ्हाईक बहुतेक कोळी, हिशोब मोसमाच्या मोसमाला. त्यांची बायको, सलिमाचाची, म्हणायच्या, यांना आखातात पगार मिळायचा तेव्हा मी इथं एकटी होते, आता हे इथं आहेत तर पगार नाही.

मुकादमांचा स्वभाव गोड होता असं मुळीच नाही. संशय हा त्यांचा दुसरा धंदा. गाळ्यात येणारा प्रत्येक माणूस काहीतरी उचलायलाच आलाय, असं धरून ते बोलायला सुरुवात करत. दुसऱ्याच्या इंजिनाचा नटही ते तिसऱ्याला लावत नसत, त्यामुळे कामं रखडायची आणि लोक शिव्या घालायचे. पण या संशयाला एक जुनं कारण होतं. धंद्याच्या सुरुवातीला मुरुडच्या एका दोस्ताचं इंजिन त्यांनी विश्वासावर सोडलं होतं. पैसे आले नाहीत, ते एक वेळ ठीक. पण पैसे द्यायचे राहिले म्हणून दोस्तानेही येणं सोडलं. लग्नाकार्यात दिसला की मांडवाच्या दुसऱ्या दाराने जायचा. "इंजिन धरून ठेवलं असतं तर भांडला असता, पण आला असता," ते अक्षताला म्हणाले. तिने हे वाक्य लक्षात ठेवलं. धारणाधिकाराचा हा अर्थ कुठल्याच टिपेत नव्हता.

आता यात एक मेख होती. होडीचं इंजिन गाळ्यात नीट चाललं म्हणजे नीट झालं असं होत नाही. ते होडीत बसवायचं, पाण्यावर न्यायचं, ओझ्याखाली चालवायचं, मगच कळतं. कोळी लोकांचा दंडकच तो. पाण्यावर चालल्याशिवाय काम पुरं नाही, काम पुरं झाल्याशिवाय बिल नाही. पण होडीत बसवलं की इंजिन हातचं गेलं. मग धरायचं काय आणि कसं?

यावर मुकादमांनी काढलेला तोडगा खाडीभर माहीत होता. इंजिनाबरोबर ते स्वतः होडीत बसायचे. चालू तेच करणार, बंद तेच करणार, इंजिन फिरवायचं हँडल त्यांच्या मांडीवर. खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन होडी परत जेट्टीला लागली की मालकाने मिटवायचं, मग हे उतरणार. मिटवलं नाही तर उतरणार नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकाने परत येताना हात वर केले, तर हे होडीतच बसून राहिले. दुपार झाली, ऊन उतरलं. जेट्टीवर गर्दी जमली, पोरांनी नावं ठेवली, कुणीतरी म्हणालं, "चाचा, नमाजाला तरी उतरा." यांनी होडीतच रुमाल अंथरला. शेवटी त्या मालकाच्या आईनेच लेकाला चार शब्द सुनावून पैसे पाठवले, वर जेवायलाही घातलं. ही गोष्ट सांगताना मुकादमांच्या तोंडावर पोरासारखं हसू यायचं. पण गेल्या वर्षी होडी आणि जेट्टी यांच्यामध्ये त्यांचा पाय सापडला, मांडीत सळई घालावी लागली, आणि सलिमाचाचींनी त्यांना पाण्याची शपथ घातली. तेव्हापासून ते होडीत चढले नव्हते.

श्रावण लागला. मासेमारीची बंदी उठली, दिवाळ्याच्या होड्या बाहेर पडू लागल्या. कारखानीसांनी अक्षताला केशरबाईंच्या घरी हप्त्यांची नोटीस द्यायला पाठवलं.

केशरबाई जेट्टीजवळ सुकटीला हात घालून बसल्या होत्या. ऊन-सावलीचा खेळ चालू होता आणि दर ढगाला त्या सुकटीवर प्लास्टिक ओढत, ढग गेला की काढत. शेजारी सदू जाळं सांधत होते. ते काही बोलत नसत, घरातलं सगळं बोलणं बायकोकडे सोपवलेलं. केशरबाईंनी नोटीस न वाचता कमरेला खोचली आणि गाडी सरळ मुकादमांवर घसरली.

"त्या झहूरभायला काय झालंय तेच कलत नाय बाय मना. मी पैशे घेऊन गेले व्हते. भनीकरनं आनले, हात जोरून. त्याच्या म्होरं ठेवले. घेतच नाय."

"घेतले नाहीत?"

"नाय म्हंजे नाय. म्हनतो, र्‍हाऊ दे. आवं र्‍हाऊ दे काय? माझी होरी सुकतेय हितं. लोकं पापलेट आनतान, आनि मी सुकट निवडतेय. त्याच्या मनात कायतरी पाप हाय."

 केशरबाईंना जे पाप वाटत होतं ते नव्हे, दुसरंच काही अक्षताला दिसलं. मोबदला समोर ठेवला आणि धरणाऱ्याने तो नाकारला, तर त्याच क्षणी त्याचा हक्क संपतो. हे कंपनीला कळलं तर उद्या सकाळी इंजिन उचललं जाईल. आणि कंपनीचा वकील तिचाच साहेब होता. जी गोष्ट लपवणं तिला शोभणार नव्हतं, ती तिला कुणी सांगायला नको होती. पण तिला खरी टोचणी होती ती वेगळीच. जन्मभर पैशासाठी वस्तू धरून बसलेला माणूस समोर आलेला पैसा का घेत नाही?

ती तिथून थेट पावण्याला गेली.

झहूरचाचा कुणाचं तरी नोझल उजेडात धरून बघत होते. तिने काही आडपडदा न ठेवता विचारलं. त्यांनी नोझल ठेवलं, बाहेर डोकावलं. समोरच्या टपरीवर एक माणूस मोटारसायकलवर तिरका बसून फोन बघत होता.

"तो रोज येतो," ते म्हणाले. "कंपनीचा हाय. मी पैसे घेतले की इंजिन बाईला देणार. बाई टेम्पोत टाकणार. टेम्पो नाक्यावर पोचायच्या आत हा दोन माणसं घेऊन आडवा येणार. मग बाईचे पैसे पण गेले, इंजिन पण गेलं. मी धरलंय म्हणून ते तिचं हाय, बेटा. सोडलं की कंपनीचं."

अक्षता त्या गोणपाटाकडे बघत राहिली. जो हक्क मालकाविरुद्ध म्हणून शिकवला होता, तो इथं मालकासाठी राखणीला बसला होता.

"मग त्यांना हे सांगितलं का नाही?"

"केशरबाईला? तिला सकाळी सांगितलं की दुपारी खाडीपार करंजाला पोचतं."

तिला हसू आवरलं नाही. मग तिने त्यांना नाकारलेल्या पैशाचं सांगितलं. असं केल्याने हक्क जातो, हे. ते पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. हा कायदा त्यांना ठाऊक नव्हता. ते आजवर अंदाजाने, पाण्यात काठी रोवत चालावं तसे, चालत आले होते. तिने विचारलं, बिल केलं होतं का? नाही. काम पुरं झालं का? पाण्यावर कुठं चाललंय अजून, ते म्हणाले. मग पैसे कशाचे घेणार होता? त्यांनी तिच्याकडे बघितलं. जे पैसे अजून लागूच झाले नाहीत, ते नाकारले असं कसं होईल? दोघांनाही एकदमच कळलं की जमीन अजून पायाखाली आहे.

ऑफिसात तिने अहवाल लिहिला तो खराच लिहिला. रक्कम देऊ केली होती. चाचणी बाकी असल्याने बिल झालेलं नाही, म्हणून घेतली नाही. कारखानीसांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, मग आपणच त्याचं बिल भरू आणि इंजिन उचलू. बोलाव सगळ्यांना.

सगळे आले. कंपनीचा अधिकारी चेक घेऊन आला. केशरबाई पैशांची पुरचुंडी कमरेला लावून आल्या, बरोबर गप्प सदू. झहूरचाचा धुतलेला सदरा घालून, पाय लांब करून खुर्चीच्या कडेला बसले. एसीच्या थंडीत मासळीचा आणि डिझेलचा वास एकमेकांना ओळख देत फिरू लागला.

अधिकाऱ्याने चेक पुढे केला. ते बघून केशरबाईंनी पुरचुंडी टेबलावर ठेवली, चेकच्याही पुढे. झहूरचाचांनी दोन्हींकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवले.

कारखानीस म्हणाले, "पैसे घ्यायला तयार नसलेला घेणेकरी मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

"बिल झालं नाय, साहेब. पाण्यावर चाललं की होईल."

"मग चालवा. उद्याच चालवा. आमचा माणूस जेट्टीवर उभा राहील, तुम्ही उतरलात की हिशोब."

"चालवतो. पण रिकामी होडी फिरवून काय कळत नाय. जाळं पाहिजे, बर्फ पाहिजे, माणसं पाहिजेत. माल भरून आली पाहिजे. क्रँक नवा हाय, तो चालून चालून बसेपर्यंत, किती पण फेऱ्या होऊ दे, मी पास करणार नाय. सही माझी असते."

 कारखानीस हळूच, दाद द्यावी तसे, मागे रेलले आणि अक्षताकडे वळले. "तू वाचलं आहेस हे सगळं. इंजिन होडीत गेलं म्हणजे ताबा सुटला ना?"

 नुसतं हो म्हटलं असतं तरी ते चुकीचं ठरलं नसतं. पुस्तकातलं अर्धं उत्तर तेच होतं. 

"हे होडीत नसतील तर सुटला, सर," ती म्हणाली. "इंजिनाजवळ हेच बसलेले असतील, चालू-बंद हेच करत असतील, तर ताबा यांचाच, असं मला वाटतं. तसं नाही हे सिद्ध करायला आपल्याला कोर्टात जावं लागेल."

"आणि तोवर मालक मासे धरतोय त्याचं काय?"

"मालकाची वस्तू मालक वापरतोय. वापरायची मनाई आहे ती धरून बसलेल्याला."

"हं," कारखानीस म्हणाले. "मलाही तसंच वाटतं. हेच वाईट आहे." मग ते अधिकाऱ्याला समजावू लागले की कोर्टाची तारीख लागेपर्यंत मोसम निम्मा होईल, होडी चालली तर थकलेले हप्ते आपसूक येतील, आणि हप्ते आले की उचलून न्यायचा प्रश्नच उरत नाही, गोदामात पडलेल्या इंजिनापेक्षा ते बरं. अधिकाऱ्याला हे पटत होतं आणि पटतंय याचा रागही येत होता.

"पण हा माणूस होडीत बसणार तरी किती दिवस?" त्याने विचारलं. "या पायाने?"

सगळ्यांनी झहूरचाचांकडे बघितलं. अक्षतानेही बघितलं. ही एक गोष्ट तिने त्यांना विचारली नव्हती. तिने बाजू मांडली होती, आणि त्या बाजूचं सगळं वजन त्या सळई घातलेल्या मांडीवर जाऊन बसलं होतं.

केशरबाईंच्या तोंडावर एकेक गोष्ट उलगडत गेली. मोटारसायकलवाला, शटर, न घेतलेले पैसे. त्यांनी पुरचुंडी टेबलावरून उचलली, परत कमरेला खोचली. आवाज खाली आणून, बाजारातल्या बाईला शोभणार नाही इतक्या हळू त्या बोलल्या.

"बसू दे किती बी दिस. आमी दोगं त्याला हातावं चरवू, हातावं उतरवू. भाकरी माझी. सलिमाभाबीला मी जाऊन सांगीन."

सदूंनी मान डोलावली. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच बोलणं.

अधिकारी म्हणाला, म्हणजे नक्की काय ठरलं, लिहून घेऊ का? कारखानीसांनी पेन उघडलं. झहूरचाचांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आधी चांगला पाय टेकवला, मग दुसरा. उठले. टेबलावर कुणीतरी त्यांच्यासाठी ठेवलेलं पाणी उभ्यानेच प्यायले, ग्लास जागेवर ठेवला. अक्षता दार उघडायला उठली, पण त्यांनी हातानेच तिला बसायला सांगितलं. काचेचं दार त्यांनी खांद्याने ढकललं, चपला शोधून पायात सरकवल्या, आणि "उद्या भरतीला जेट्टीवर येतो," एवढं सांगून बाहेर पडले.